जुनी टर्बो गाडी, जुना मॅप आणि बदललेलं पेट्रोल : रीट्यूनच्या आधी काय मोजायचं?

समजा तुमच्या हातात २००५ सालची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आली. १७८१ सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, प्रत्येकाला पाच म्हणजे एकूण वीस व्हॉल्व्ह, आणि सोबत टर्बो. भारतात ही गाडी १५० अश्वशक्तीची म्हणून विकली गेली, पण आधीच्या मालकाचं तेवढ्यावर समाधान झालेलं नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी त्यानं ईसीयू रीमॅप करून घेतला, सायलेन्सरची लाइन मोठी केली, एअर फिल्टर बदलला. तेव्हा गाडी सुसाट होती म्हणे. आता सकाळी उभ्या उभ्या मिसिंग मारते, अ‍ॅव्हरेज पडलंय, आणि घाटात पूर्ण पिकअप मागितला की मध्येच दम सोडते. ओळखीतला प्रत्येक जण एकच सांगतो, "मॅप जुना झालाय, रीट्यून करून टाक."

ही गाडी मी उदाहरणाला घेतेय, कारण पीएचडीला लागलात की पहिल्या सहा महिन्यांत बहुतेक अशीच एक चीज तुमच्या गळ्यात पडते : कुणा सीनियरनं बसवलेला सेट-अप, त्याच्या एक्सेल शीटमध्ये भरलेले आकडे, आणि "आता नीट चालत नाही, जरा कॅलिब्रेट करून घे" एवढीच सूचना. गाडीचा फायदा असा, की तिथे चूक झाली तर आवाज येतो. प्रयोगशाळेत येत नाही.

मॅप म्हणजे ईसीयूमधले तक्ते. एका बाजूला इंजिनचे आरपीएम, दुसऱ्या बाजूला सिलिंडरमध्ये किती हवा शिरली ते, आणि प्रत्येक चौकटीत एक आकडा : पिस्टन वर पोचायच्या किती अंश आधी ठिणगी पाडायची, मिश्रण किती गडद ठेवायचं, टर्बोला किती दाब करू द्यायचा. ट्यूनर हे आकडे त्या दिवशीच्या इंजिनवर बसवतो. म्हणजे मॅप हे इंजिनचं मॉडेल आहे, आणि त्याची गृहीतकं कुठेही लिहिलेली नसतात. हवा मोजणारा सेन्सर खरं बोलतोय, इंजेक्टर ठरावीक वेळात ठरावीक इंधन सोडतोय, पंपाचा दाब तोच आहे, होज पाइप कुठे फाटलेला नाही, आणि टाकीत तेव्हाचंच पेट्रोल आहे. मॅप "जुना" होत नाही हो. ती एक फाइल आहे, तिच्यातला एक आकडाही आपणहून बदललेला नाही. बदललंय ते बाकीचं सगळं. त्यामुळे प्रश्न "नवीन आकडे काय टाकू?" हा नसून "जुने आकडे कशामुळे चुकायला लागले?" हा आहे.

याचं निम्मं उत्तर गाडी स्वतःच देते, विचारता आलं पाहिजे.

धुराड्यातला ऑक्सिजन सेन्सर ईसीयूला सांगत असतो की मिश्रण गडद आहे की विरळ. हवा आणि इंधन अगदी हिशेबात असतील तर लॅम्डा १; त्याहून कमी म्हणजे इंधन जास्त, त्याहून जास्त म्हणजे इंधन कमी. साध्या चालवण्यात ईसीयू या सेन्सरकडे बघून इंधन थोडं वर-खाली करत राहतो आणि सतत एकाच दिशेनं दुरुस्ती करावी लागली तर ती लक्षात ठेवतो. याला ट्रिम म्हणतात. या पिढीच्या बॉश एमई-७ ईसीयूत स्कॅनर लावून ०३२ नंबरचा ब्लॉक उघडला, की दोन टक्केवाऱ्या दिसतात : पहिली आयडलची, दुसरी गाडी अर्ध्या-पाऊण लोडवर असतानाची. दोन्ही उणे दहा ते अधिक दहाच्या आत असतील तर मेकॅनिक सहसा पुढे जातो. संशोधकानं मात्र इथे खुर्ची ओढून बसावं.

कारण बिघाड कुठला आहे, त्याची सही या दोन आकड्यांत असते. इनटेक मॅनिफोल्डवरचा एखादा रबरी पाइप चिरलाय असं धरा. आयडलला हे इंजिन सेकंदाला जेमतेम तीनेक ग्रॅम हवा घेतं. मॅनिफोल्डमध्ये निर्वात असल्यानं चिरेतून अर्धा ग्रॅम हवा न मोजता आत शिरली, तर ती मोठी चोरी झाली. मिश्रण विरळ होतं, आयडलचा ट्रिम वर चढतो. पण लोडवर इंजिन साठ-सत्तर ग्रॅम हवा घेतं, तिथे तो अर्धा ग्रॅम कुणाच्या खिजगणतीत नाही. म्हणून पहिला आकडा वाढलेला, दुसरा ठीक : निर्वात बाजूची गळती शोधा.

आता तीच गळती टर्बो आणि थ्रॉटलच्या मधल्या पाइपात असेल तर? टर्बो दाब करतो तेव्हा आधीच मोजलेली हवा बाहेर पळते. ईसीयूच्या वहीत ती जमा आहे, सिलिंडरला मात्र पोचलेली नाही. इंधन जास्त पडतं, मिश्रण गडद होतं, मागे काळा धूर. चीर तशीच, पण जागा वेगळी, म्हणून परिणाम नेमका उलटा. घाटात दम सोडण्याचं कारण बऱ्याचदा हेच निघतं. पाच-पन्नास रुपयांच्या क्लॅम्पसाठी लोक हजारोंचा रीमॅप करून येतात. गॅरेजमध्ये धुराची टेस्ट होते : इनटेकमध्ये हलक्या दाबानं धूर सोडायचा आणि तो कुठून डोकावतो ते बघायचं. स्वस्त, आणि वाद घालायला जागा न ठेवणारी. मला ही टेस्ट फार आवडते.

तिसरी सही सगळ्यात फसवी. लोडचा ट्रिम चढलाय, समजा अधिक १४ टक्के. म्हणजे मॅप जेवढं इंधन सांगतोय त्याहून सातव्या हिश्शानं जास्त घालावं लागतंय. कारणं अनेक असू शकतात : हवेचा सेन्सर मळलाय आणि कमी हवा दाखवतोय, इंजेक्टर तुंबलेत, इंधनाचा दाब पडलाय. आणि एक कारण असं, जे गाडीत नाहीच. ते पेट्रोल पंपावर आहे.

२०१३-१४ च्या हंगामात देशभरात पेट्रोलमध्ये सरासरी १.५३ टक्के इथेनॉल होतं. २०२२ च्या जूनमध्ये ते १० टक्क्यांवर गेलं, फेब्रुवारी २०२३ पासून ई-२० पंपांवर यायला लागलं, आणि २०२५ मध्ये प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास पोचलं. आपल्याकडच्या उसाचा यातला वाटा तुम्हाला सांगायला नको. आपल्या गाडीचा मॅप लिहिला गेला तेव्हा हे काहीच नव्हतं. आता गणित करा. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, एक किलो इथेनॉलला ९ किलोच, कारण त्याच्या रेणूत ऑक्सिजन आधीच बसलेला आहे. घनता पेट्रोलची ०.७४५ आणि इथेनॉलची ०.७८९ धरली, तर एक लिटर शुद्ध पेट्रोलला १०.९५ किलो हवा लागते आणि एक लिटर ई-२० ला १०.१८ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे साडेसात टक्के जास्त लिटर इंधन हवं. त्या १४ मधले साडेसात इथेच हिशेबाला लागले! सेन्सर नवा टाका, इंजेक्टर नवे टाका, हे साडेसात कुठेही जाणार नाहीत.

(जाता जाता एक सापळा. ट्यूनरकडच्या डिस्प्लेवर बऱ्याचदा लॅम्डाऐवजी हवा-इंधन गुणोत्तर दिसतं. यंत्र मोजतं लॅम्डाच, दाखवताना १४.७ नं गुणून दाखवतं. ई-२० साठी हिशेबातलं गुणोत्तर १३.५ आहे, पण लॅम्डा १ असताना डिस्प्ले १४.७ च म्हणणार. त्यामुळे कुणी "ई-२० आहे, १३.५ वर आणू" असं म्हणून काट्यावर १३.५ आणलं, तर त्यानं प्रत्यक्षात मिश्रण आठ टक्के गडद केलं. एकक विचारल्याशिवाय आकडा वाचू नका, हे तुम्ही शाळेपासून ऐकताय. इथे त्याची किंमत पेट्रोलमध्ये मोजली जाते.)

तुम्ही म्हणाल, ट्रिम दुरुस्ती करतोच आहे, मग बिघडलं कुठे? बिघडतं ते पूर्ण थ्रॉटलला. त्या वेळी इंजिनला गडद मिश्रण हवं असतं, लॅम्डा साधारण ०.८५. गाडीतला ऑक्सिजन सेन्सर अरुंद पट्ट्याचा असेल तर त्याला १ च्या अलीकडे की पलीकडे एवढंच कळतं, ०.८५ आणि ०.९५ मधला फरक त्याच्या आवाक्यात नाही. म्हणून ईसीयू अर्ध्या लोडवर शिकलेली दुरुस्ती पूर्ण लोडलाही तशीच लावतो. हे एक्स्ट्रापोलेशन आहे, आणि मळलेला सेन्सर सगळीकडे सारख्याच टक्क्यांनी चुकतो असं कुठे लिहिलंय? त्याहून वाईट गोष्ट ट्यूनरच्या दारात घडते. नवीन फाइल टाकली की शिकलेले ट्रिम पुसले जातात. १४ टक्के गेले. लगेच गाडी डायनोवर चढवून पूर्ण थ्रॉटल दिला, तर ०.८५ च्या जागी ०.८५ गुणिले १.१४ म्हणजे ०.९७. वर टर्बोचा वाढवलेला दाब. अशा वेळी नॉकिंग सुरू झालं, तर पिस्टनच्या रिंगांमधली धार तुटायला फार वेळ लागत नाही. मग रीट्यून राहिलं बाजूला, इंजिनकाम निघतं.

माझ्यावर ही वेळ गॅस क्रोमॅटोग्राफवर आली. आमच्या लॅबमधल्या जुन्या शीटमध्ये प्रत्येक वाचन १.०७ नं गुणलेलं होतं. का, ते कुठे लिहिलेलं नव्हतं. विचारलं तर "ते तसंच असतं" असं उत्तर मिळालं. मीही गुणत राहिले. पुढे एकदा इंजेक्शन पोर्टचं रबरी सेप्टम खूपच चाळणी झालेलं दिसलं म्हणून बदललं, आणि स्टँडर्डसुद्धा सात टक्के जास्त यायला लागलं. म्हणजे तो १.०७ हा निसर्गाचा कुठला स्थिरांक नव्हता; ती गळतीची भरपाई होती. कुणीतरी गळती शोधण्याऐवजी आकडा शोधला होता. गळती दर काही महिन्यांनी बदलत गेली असणार, आकडा तोच राहिला. माझी चार महिन्यांची वाचनं मी पुन्हा घेतली. त्या आधीच्या काळाचं काय, हे आजही कुणी धड सांगू शकत नाही.

तर, १४ टक्क्यांची फोड कशी करायची? आधी इंधन, कारण ते टेस्ट-ट्यूबमध्ये मावतं. शंभर मिलीच्या मोजपात्रात दहा मिली पाणी, वर नव्वद मिली पेट्रोल, बूच लावून हलवायचं आणि ठेवून द्यायचं. इथेनॉल पाण्याकडे जातं, खालचा थर वाढतो. ई-२० असेल तर दहाचा अठ्ठावीसच्या जवळपास. खरखरीत पद्धत आहे, पण दहा आणि वीस टक्क्यांतला फरक नक्की दाखवते. मोकळ्या हवेत, आगीपासून लांब करा, आणि ते पेट्रोल परत टाकीत ओतू नका.

मग हवेचा सेन्सर. त्याची उलटतपासणी आदर्श वायूच्या समीकरणानं होते, जे तुम्हाला बारावीपासून पाठ आहे. ३००० आरपीएमला हे इंजिन मिनिटाला १५०० वेळा आपलं पूर्ण पोट भरतं : १.७८१ लिटर गुणिले १५००, म्हणजे सेकंदाला ४४.५ लिटर. पूर्ण थ्रॉटलला आतला निरपेक्ष दाब १.५ बार आणि तापमान ४० अंश असेल, तर घनता लिटरला १.६७ ग्रॅम. गुणाकार ७४ ग्रॅम प्रति सेकंद. सिलिंडर शंभर टक्के भरत नाही, नव्वद धरू : ६७. स्कॅनर ६५ दाखवत असेल तर सेन्सरवर संशय घेऊ नका. ५५ दाखवत असेल तर घ्या. मधलं काही असेल तर? मग या गणितानं ठरणार नाही, कारण तो नव्वदचा आकडा आपणच अंदाजानं धरलाय. ही पद्धत मोठा घोळ पकडते, तीन टक्क्यांचा नाही. तेवढ्यासाठी चांगला सेन्सर उसना लावून बघणं बरं.

इंजिनचं आरोग्य बघायला कॉम्प्रेशन टेस्ट असतेच. तिथेही चार सिलिंडरांचे आकडे एकमेकांशी कितपत जुळतात, हे मी आधी बघेन. गेज दहा टक्के चुकीचा असला तरी तो चौघांसाठी सारखाच चुकीचा आहे. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा खाली असेल तर ते गेजचं कर्तृत्व नाही. नॉक सेन्सरही बघून घ्या. तो इंजिनच्या ब्लॉकला बोल्टनं आवळलेला पिझो स्फटिक आहे, आणि तो बोल्ट २० न्यूटन-मीटरनंच आवळायचा असतो. कुणी "जरा घट्ट" केला असेल तर गाडीचा कान बिघडला, आणि पुढे ठिणगीचे अंश वाढवताना तुम्ही त्याच कानावर विसंबणार आहात.

पीयूसी पास आहे, हे या कशाचंही उत्तर नाही. तिथे गाडी जागेवर उभी असते, लोड शून्य.

गळत्या बुजवल्या, सेन्सर साफ केला, प्लग-फिल्टर बदलले. आता जुन्या मॅपवरच गाडी काही दिवस चालवा आणि ट्रिम पुन्हा बघा. अधिक १४ चे अधिक ७-८ झाले असतील, तर उरलेलं पेट्रोलचं आहे, आणि रीट्यूनची पहिली कायदेशीर मागणी इथे तयार होते : इंधनाचा मूळ आकडा तेवढा वाढवायचा, म्हणजे ट्रिम शून्याजवळ येईल आणि पुढच्या बिघाडाला दिसायला जागा राहील.

डायनोवर गेल्यावर लोक पहिली चूक करतात ती म्हणजे "आधी"चा एक रन आणि "नंतर"चा एक रन. काहीही न बदलता तीन रन घ्या. ते आपापसांत चार अश्वशक्तीनं हलत असतील, तर नंतर मिळालेली तीन अश्वशक्ती मिळालेली नाही. शिवाय हवा. ३० अंशाला समुद्रसपाटीवर मुंबईत हवेची घनता घनमीटरला १.१६ किलो, पुण्यात साडेपाचशे मीटरवर १.०९. सहा टक्के फरक, कुणी पानाही लावलेला नसताना. डायनोचं सॉफ्टवेअर यासाठी करेक्शन लावतं, पण ती सूत्रं मुळात टर्बो नसलेल्या इंजिनांच्या वागण्यावर बेतलेली. टर्बो पातळ हवेची भरपाई बरीचशी स्वतःच करतो, त्यामुळे दुहेरी भरपाई होऊ शकते. दोन शहरांतल्या दोन प्रिंटआउटची तुलना कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली तर हसून सोडून द्या. आणि प्रत्येक रननंतर इंटरकूलर तापत जातो. जुना मॅप आधी, नवा नंतर, असं केलं तर नव्या मॅपला फुकट तोटा होतो. म्हणून जुना, नवा, पुन्हा जुना. शेवटचा जुना पहिल्या जुन्याशी जुळला तरच मधल्या नव्याबद्दल बोलायचं.

प्रत्यक्ष ट्यूनिंगबद्दल मी थोडंच लिहितेय, कारण इथवर आल्यावर ते खरंच थोडं उरतं. इंधन आधी, तेही वेगळा रुंद पट्ट्याचा सेन्सर धुराड्यात लावून आणि दाब कमी ठेवून. मग दाब. शेवटी ठिणगी, एकेक अंश. टॉर्क वाढायचा थांबला की थांबायचं. नॉक आधी ऐकू आला तर त्याच्याही आधी. तुमच्यापैकी ज्यांनी डिझाइन ऑफ एक्स्पेरिमेंट्सचा कोर्स केलाय ते म्हणतील की एका वेळी एकच गोष्ट बदलणं ही मागासलेली पद्धत आहे, घटकांची आपसातली गुंतागुंत त्यात दिसत नाही. बरोबर आहे. पण ज्या प्रयोगात एक चुकीचा बिंदू म्हणजे फुटलेला पिस्टन, तिथे तक्त्याच्या चारही कोपऱ्यांत रँडम उड्या मारायच्या नसतात. काठाकडे चालत जायचं, आणि परतीची वाट दिसत ठेवायची.

इथेनॉलचा एक फायदाही इथेच कळतो. त्याचा ऑक्टेन जास्त आणि बाष्प होताना ते उष्णताही जास्त खेचतं, त्यामुळे जुन्या मॅपपेक्षा एखादा अंश जास्त झेपू शकतो. पण तो अंश ई-२० वर मिळालाय. पंपावरचं मिश्रण पुन्हा बदललं तर तो अंशही गेला.

म्हणून नवीन फाइल घेताना जुनी फाइल पुसू देऊ नका, आणि नव्या फाइलसोबत एक कागद बनवून घ्या. तारीख, शहर, हवेचं तापमान, पेट्रोलमधलं इथेनॉल मोजून आलेलं टक्क्यांत, प्लगचा गॅप, ०३२ चे दोन्ही आकडे आधीचे आणि नंतरचे, तीन-तीन रनचे सगळे आकडे, फक्त सगळ्यात मोठा नाही. बहुतेक ट्यूनर हा कागद आपणहून देत नाहीत, मागितला तर देतात. तो डॅशबोर्डच्या कप्प्यात, आरसीच्या मागे ठेवा. माझ्या क्रोमॅटोग्राफला आता असाच एक कागद चिकटवलेला आहे, सेप्टम बदलल्याच्या तारखांचा. गेल्या आठवड्यात एका ज्युनियरनं त्याखाली स्वतःच्या अक्षरात पुढची तारीख लिहिलेली दिसली.